द्राक्षाचा मणी दोनदा वाढतो

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत दोन द्राक्षबागायतदार बांधावर भेटले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "अण्णा, तुमच्या बागेत पाणी उतरलं का?" उत्तर येतं, "खालच्या प्लॉटात उतरलंय, वरचा अजून कडकच आहे." हे पाणी विहिरीचं नाही, कालव्याचंही नाही. ते मण्यातलं आहे. आठवड्यापूर्वी बोटांत धरून दाबला तर जराही न दबणारा हिरवा, टणक मणी आता किंचित दबतो. उजेडाकडे धरला तर आतला गर पारदर्शक होत चाललेला दिसतो. चाखला तर आंबटपणाच्या मागून पहिल्यांदाच गोडवा जिभेवर येतो.

मला या दिवसाचं नवल वाटतं ते आणखी एका कारणानं. त्याच्या आधीचे काही दिवस, कधी कधी दोन-तीन आठवडेसुद्धा, मणी जवळजवळ वाढलेलाच नसतो. फुलोऱ्यानंतर तो झपाट्यानं फुगला, मग थबकला, आणि पाणी उतरताच पुन्हा फुगायला लागला. एकाच फळाची वाढ दोन हप्त्यांत होते. बागेत रोज फिरणाऱ्याच्या डोळ्यांना हे सहजी दिसत नाही, कारण रोज बघणाऱ्याला रोजचा फरक कळत नाही. ते दिसतं कॅलिपरनं, वहीतल्या आकड्यांनी आणि त्या आकड्यांमधून काढलेल्या एका रेषेनं. ती रेषा काढण्याचं शास्त्र दोनशे वर्षांचं आहे आणि ते सुरू होतं द्राक्षापासून फार दूर, विम्याच्या कचेरीत.

बेंजामिन गॉम्पर्ट्झ हा लंडनचा माणूस. ज्यू असल्यामुळे त्याला विद्यापीठाची दारं बंद होती. गणित तो स्वतःच शिकला आणि पुढे अलायन्स नावाच्या विमा कंपनीत ॲक्च्युअरी झाला. कोणत्या वयाच्या माणसाकडून किती हप्ता घ्यायचा हे ठरवणं त्याचं काम. १८२५ मध्ये त्यानं मांडलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका दरवर्षी ठरावीक पटीनं वाढत जातो. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८३८ मध्ये, बेल्जियममधल्या पिएर-फ्रान्स्वा फेरहुल्स्टनं लोकसंख्येचं एक समीकरण लिहिलं. माणसं वाढतात तसा वाढीचा दर घटतो आणि शेवटी लोकसंख्या एका छताशी जाऊन टेकते, असं ते समीकरण. यालाच आपण लॉजिस्टिक वक्र म्हणतो. दोघांपैकी कुणाच्याही मनात फळ नव्हतं. पण १९०८ मध्ये ब्रेल्सफर्ड रॉबर्टसननं लॉजिस्टिक वक्र सजीवांच्या वाढीला लावून पाहिला आणि १९२६ मध्ये स्यूअल राइट या आनुवंशशास्त्रज्ञानं गॉम्पर्ट्झचा वक्रही वाढीसाठी वापरता येईल, असं सुचवलं. मरणाचा हिशेब ठेवणारं सूत्र वाढीचं वर्णन करायला आलं, ते असं.

दोन्ही वक्र दिसायला सारखेच, इंग्रजी 'एस' अक्षर ताणून धरल्यासारखे. सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू. पण त्यांच्यातला फरक मला फार सुंदर वाटतो. दोन्हींमध्ये वाढीला लगाम लागतो. लगाम कोण ओढतं, एवढाच प्रश्न. लॉजिस्टिकमध्ये लगाम आकाराच्या हातात असतो: फळ जितकं मोठं झालं, तितका त्याचा पुढचा दर कमी. गॉम्पर्ट्झमध्ये लगाम वयाच्या हातात: आकार काहीही असो, वाढीचा दर रोज ठरावीक टक्क्यांनी उतरतच जातो. याचा परिणाम रेषेवर लगेच दिसतो. लॉजिस्टिकमध्ये वाढीचा सर्वांत वेगवान दिवस अंतिम आकाराच्या बरोबर निम्म्यावर येतो, तर गॉम्पर्ट्झमध्ये तो सुमारे ३७ टक्क्यांवरच येऊन जातो. म्हणजे एखादं फळ कोणत्या वक्रावर नीट बसतं हे तपासताना आपण नकळत त्याला विचारत असतो: बाबा, तू थांबतोस ते मोठा झालास म्हणून, की वय झालं म्हणून?

आता बागेत येऊ. घडातले काही मणी निवडायचे, त्यांच्या देठांना रंगीत दोरा बांधायचा आणि दर तीन-चार दिवसांनी तेच मणी मोजायचे. थॉमसन सीडलेस या वाणाचा मणी लांबट, म्हणून लांबी वेगळी आणि जाडी वेगळी. कॅलिपरचे जबडे मण्याला हलकेच टेकवायचे, दाबायचे नाहीत, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आकडा लिहायचा. महिनाभरात वहीत ठिपक्यांची रांग जमते. मग संगणक त्या ठिपक्यांजवळून जाणारा वक्र शोधतो: प्रत्येक ठिपका रेषेपासून किती दूर पडला ते अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची आणि ही बेरीज सर्वांत कमी होईल असा वक्र ठरवायचा. हातात उरतात फक्त तीन संख्या. छत किती उंच, वेगवान दिवस कोणता आणि चढ किती उभा. वहीभर आकड्यांचं सार तीन संख्यांत मावतं आणि त्या तिन्हींना बागेच्या भाषेत अर्थ असतो. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा खरंच हरखायला होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मण्याची जाडी मोजायची की वजन, यावर वक्राचा चेहरा बदलतो. १६ मिलिमीटरचा गोल मणी १८ मिलिमीटरचा झाला तर जाडी साडेबारा टक्क्यांनीच वाढते, पण आकारमान सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतं. जाडीनं निम्मा झालेला मणी वजनानं अवघा एक अष्टमांश असतो. म्हणून जाडीच्या आलेखावर 'आता काय, झालीच वाढ' असं वाटतं, तेव्हा वजनाची खरी भर पुढेच असते. फुगवणीच्या शेवटच्या मिलिमीटरसाठी बागायतदार जीव का टाकतात, याचं उत्तर या घनात आहे.

एवढं झाल्यावर थॉमसनच्या ठिपक्यांवर एक 'एस' बसवायला गेलं तर तो बसत नाही. मधले ठिपके रेषेच्या एका बाजूला आणि पुढचे दुसऱ्या बाजूला पडतात. चूक मोजमापात नसते. मण्याला एक 'एस' पुरतच नाही, त्याला दोन लागतात, एक संपत आला की दुसरा सुरू होणारा. पीच, चेरी, जर्दाळू ही फळंही अशीच वाढतात. पीचमधली ही थबक अमेरिकेत न्यू जर्सीच्या कॉनर्सनं १९१९ मध्येच नोंदवली होती. उलट सफरचंद एकाच दमात वाढतं. द्राक्षाला मग दोन छतं, दोन वेगवान दिवस आणि दोन चढ, अशा सहा संख्या लागतात. रोजच्या वाढीचा आलेख काढला तर दोन उंचवटे आणि मध्ये एक दरी दिसते.

त्या दरीच्या अलीकडचं आणि पलीकडचं फळ ही जवळजवळ दोन वेगळी फळं आहेत. पहिल्या टप्प्यात पेशी विभागतात, आणि फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा विभागण्याचा कार्यक्रम बहुतेक उरकतो. पुढे मणी कितीही फुगला तरी गरातल्या पेशींची संख्या फारशी वाढत नाही, असलेल्या पेशीच ताणतात. या टप्प्यात मणी आंबट होत जातो, टार्टारिक आणि मॅलिक आम्ल साठवतो. मग थबक. बी असलेल्या वाणांत याच सुमारास बी टणक होते आणि आतला गर्भ आकार घेतो. आणि मग पाणी उतरतं. मणी मऊ पडतो, साखर भरू लागते, मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होऊन घटतं. पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत मणी वजनानं साधारण दुप्पट होतो.

सर्वांत थक्क करणारा बदल मात्र नळांचा आहे. पाणी उतरण्याआधी मण्याला पाणी मुख्यतः झायलममधून मिळतं, म्हणजे मुळांकडून वर येणाऱ्या वाहिन्यांतून. मण्यावर अतिशय संवेदनशील मोजणी यंत्र बसवलं तर दिसतं की दुपारी ऊन तापलं, पानं पाणी ओढू लागली, की मणी किंचित आकसतो आणि रात्री पुन्हा भरतो. रोज आकसायचं, रोज भरायचं. पाणी उतरल्यावर हा दुपारचा आकस खूपच कमी होतो, कारण आता मण्याची भिस्त फ्लोएमवर, म्हणजे पानांत तयार झालेली साखर वाहून आणणाऱ्या वाहिन्यांवर आलेली असते. वेलाच्या तहानेपासून मणी बराचसा सुटा होतो. बागायतदारांच्या 'पाणी उतरलं' या दोन शब्दांमागे एवढी मोठी उलथापालथ आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येतो. घडातले शंभर मणी मोजले आणि त्यांची रोजची सरासरी काढून वक्र बसवला, तर जो वक्र मिळतो त्याप्रमाणे घडातला एकही मणी वाढलेला नसतो.

हे पटायला एक साधा हिशेब पुरे. समजा, प्रत्येक मण्याला कडकपणा सोडून मऊ व्हायला ६ दिवस लागतात. पण सगळे मणी एकाच दिवशी सुरुवात करत नाहीत. पहिला आणि शेवटचा यांत १५ दिवसांचं अंतर आहे. सरासरीच्या आलेखावर हा बदल तब्बल २१ दिवस चाललेला दिसेल, शांत, सपाट चढासारखा. वाचणारा म्हणेल, द्राक्ष हळूहळू मऊ होतं. प्रत्यक्षात प्रत्येक मणी घाईनंच मऊ झाला, फक्त ज्याची त्याची वेळ वेगळी होती. शरद सीडलेससारख्या काळ्या वाणात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं: एकाच घडात जांभळा मणी आणि त्याला खेटून हिरवा कडक मणी. फुलं एका दिवशी उमलत नाहीत, मग मण्यांनी एका दिवशी पिकावं तरी का?

हीच अडचण माणसांच्या मुलांबाबत आधी लक्षात आली होती. वयात येताना प्रत्येक मूल एकदम उंच होतं, पण कुणी अकराव्या वर्षी, कुणी चौदाव्या. सगळ्या मुलांची सरासरी उंची काढली की तो उसळीचा डोंगर पसरून टेकाड होतो. फ्रांझ बोआस या मानववंशशास्त्रज्ञानं १८९२ मध्येच या सरासरीबद्दल सावध केलं होतं. द्राक्षात ऑस्ट्रेलियाच्या ब्रायन कूम्बनं घडाच्या सरासरीवर न थांबता एकेका मण्याचा पाठपुरावा केला, तेव्हा मणी किती झटक्यात बदलतो ते समोर आलं.

यावर संख्याशास्त्रानं काढलेली वाट मला माणुसकीची वाटते. एकच वक्र सगळ्यांवर लादायचा नाही, आणि प्रत्येक मण्याला अगदी एकटंही सोडायचं नाही. घडाचा म्हणून एक वक्र मानायचा आणि प्रत्येक मण्याला त्यापासून थोडं सरकायची मुभा द्यायची: याचं छत जरा उंच, त्याचा दिवस जरा उशिरा. हे सरकणं मण्यामण्यांत किती असतं, तेही आकड्यांतूनच मोजायचं. ज्या मण्याच्या नोंदी कमी आहेत, त्याचा अंदाज शेजाऱ्यांच्या आधारानं सावरला जातो. ज्याच्या भरपूर आहेत, तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. मिश्र प्रारूपं म्हणतात यांना. वक्र रेषांसाठी ती १९९० च्या सुमारास मेरी लिंडस्ट्रॉम आणि डग्लस बेट्स यांनी वापरण्याजोगी केली. ती शिकताना जगभरचे विद्यार्थी आजही संत्र्याच्या पाच झाडांची जुनी नोंद सोडवतात: प्रत्येक झाडाच्या खोडाचा घेर सात वेळा मोजलेला, ११८ व्या दिवसापासून १५८२ व्या दिवसापर्यंत. पाच झाडं, पाच वक्र, सगळे एकाच घराण्याचे आणि तरी वेगळे.

संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९५८ मध्ये 'बायोमेट्रिक्स' या नियतकालिकात वाढीच्या वक्रांची तुलना कशी करावी यावर एक लेख लिहिला. त्यातली एक कल्पना वाचून मी थबकलो होतो. वक्र वाकडा असेल तर वक्राला सरळ करायच्या मागे लागू नका, घड्याळ बदला. वाढ जिथे जोरात, तिथे काळ ताणा. जिथे मंद, तिथे आवळा. अशा नव्या काळात सरासरी वाढ सरळ रेषेत चालते आणि मग प्रत्येक जिवाची ओळख एका संख्येनं, त्याच्या दरानं, करून देता येते.

आणि बागेत घड्याळ खरोखर वेगळंच असतं. बागायतदार दिवस मोजतो ते फळछाटणीपासून, पण मण्याला कॅलेंडर कळत नाही, ऊब कळते. फ्रान्सच्या रेओम्युरनं १७३५ मध्येच रोजचं तापमान बेरजेत धरायची कल्पना मांडली होती. द्राक्षासाठी १० अंश सेल्सिअस ही पायरी धरतात, तिच्या वरची ऊब तेवढी जमा. कमाल २८ आणि किमान ८ अंश असलेल्या दिवसाची सरासरी १८, म्हणजे जमा ८. कमाल ३२, किमान १६ असलेल्या दिवसाची सरासरी २४, जमा १४. एक उबदार दिवस पावणेदोन थंड दिवसांच्या बरोबरीचा. निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत, कधी त्याहून खाली उतरतो, तेव्हा 'फुगवण थांबली' अशी तक्रार येते. आलेखाच्या आडव्या अक्षावर दिवसांऐवजी ही ऊब मांडली, की लवकर आणि उशिरा छाटलेल्या दोन बागांचे एकमेकांपासून दूर पळणारे वक्र बरेच जवळ येतात.

या वक्रांवर किती विसंबायचं? छताच्या बाबतीत तरी फार जपून. रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी १९२० मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येवर लॉजिस्टिक वक्र बसवला. तो जुन्या सगळ्या जनगणनांशी सुरेख जुळत होता. त्यावरून त्यांनी काढलेलं छत होतं सुमारे १९ कोटी ७३ लाख. १९६७ मध्ये अमेरिकेनं २० कोटी ओलांडले आणि आज ती ३३ कोटींच्या पुढे आहे. वेगवान दिवस येऊन गेल्याशिवाय, खरं तर वक्र वरच्या बाजूला नीट वाकल्याशिवाय, छताचा अंदाज डळमळीतच असतो. पहिल्या टप्प्यातले मणी मोजून काढणीच्या वजनाचा आकडा सांगणारा वक्र म्हणूनच भरवशाचा नाही.

गंमत अशी की द्राक्षाच्या थबकण्यानंच यावर तोड दिली आहे. अमेरिकेच्या ओरेगन-वॉशिंग्टन भागात बागायतदार नेमके त्या थांबलेल्या दिवसांत घड कापून तोलतात आणि वजनाला साधारण दोननं गुणतात. मणी काही दिवस जागचा हलत नाही, त्यामुळे दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही. आलेखावरची सपाट जागा हीच मोजणीची सर्वांत सुरक्षित जागा. मात्र कोणते घड कापायचे, हा प्रश्न उरतोच, आणि हाताशी येणारे चांगले घड उचलले तर अंदाज फुगणारच. तिथे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांचं काम आठवावं. शेतातला तुकडा निरीक्षकाच्या पसंतीनं न निवडता चिठ्ठ्यांच्या न्यायानं निवडायचा, ही शिस्त त्यांनी पीककापणी प्रयोगांतून देशात रुजवली. १९५४ मधलं त्यांचं पुस्तक शेतीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासलं.

थॉमसनच्या बाबतीत आणखी एक मोठा प्रश्न या वक्रांना विचारता येतो. या वाणात फलधारणा होते, पण बी लवकरच वाढायचं थांबतं. बी म्हणजे जिबरेलिनचा झरा. तो आटला की मणी लहान राहतो. हे संप्रेरक सापडलं भाताच्या एका रोगातून. १९२६ मध्ये तैवानमध्ये काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी दाखवलं की रोपांना वेडंवाकडं उंच करणारी गोष्ट त्या रोगाच्या बुरशीच्या गाळलेल्या द्रावातही असते. आज नाशिकमध्ये घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात बुडवतात ती त्याचीच पुढची पायरी. मणी मोठा होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाढलं ते नेमकं काय? पहिल्या 'एस'चं छत उंचावलं, त्याचा चढ उभा झाला, की दुसऱ्या 'एस'चा दिवस पुढे ढकलला गेला? दोन ओळींतले मणी काढणीला सारखेच १८ मिलिमीटर भरले, तरी एका ओळीत ती भर पहिल्या टप्प्यात पडलेली असू शकते आणि दुसरीत पाणी उतरल्यावर. शेवटचा आकडा दोन्हींचा एकच येतो. वक्राच्या सहा संख्या मात्र वेगवेगळ्या येतात, आणि पुढच्या हंगामात डिपिंग कधी करायचं याचा विचार त्यांच्यावरून करता येतो.

हे सगळं मोजायला आजवर मण्याला हात लावावा लागत होता, आणि प्रत्येक स्पर्शानं त्याच्यावरचा मेणाचा पांढुरका थर थोडा पुसला जात होता. आता संशोधक घडाची रोज छायाचित्रं घेऊन मणी ओळखतात आणि मोजतात. दोरा बांधलेल्या निवडक मण्यांऐवजी समोर दिसणाऱ्या प्रत्येक मण्याचा स्वतःचा वक्र काढता येतो. तो कोणत्या दिवशी थबकला आणि कोणत्या दिवशी पुन्हा निघाला, हे आता एकेका मण्याला विचारता येतं.